केप टाउनचं जुनं बंदर: व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड वॉटरफ्रंट नीट कसं पाहावं

केप टाउनला गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस वॉटरफ्रंटला जातो, आणि त्यातले बरेच जण बंदर न पाहताच परत येतात. टॅक्सी मॉलच्या दाराशी सोडते. आत दुकानं, बाहेर उपाहारगृहं, मागे टेबल माउंटन. फोटो निघतात, जेवण होतं, संध्याकाळ छान जाते. त्या संध्याकाळीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या पाण्याकाठी आपण बसलो ते पाणी तिथे कुणी आणलं, कशासाठी आणलं, हे कळलं तर तीच जागा कितीतरी मोठी होते. आणि कळायला फार काही लागत नाही. फिरण्याचा क्रम तेवढा बदलावा लागतो: आधी पाणी आणि दगड, मग दुकानं.

हा लेख त्या क्रमाचा आहे. दोन दिवस हाताशी असावेत. एकच असेल तर काय गाळायचं तेही पुढे सांगते.

बंदर का बांधलं, हे आधी समजून घ्या

टेबल बे हा उपसागर नकाशावर सुरक्षित वाटतो, पण हिवाळ्यात वायव्येकडून वादळं आली की तो सताड उघडा पडतो. डच ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकातच आपल्या जहाजांना हिवाळ्यात इथे न थांबता द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला, सायमन्स बेमध्ये जायला सांगितलं होतं. तरीही केपला वळसा घालून आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी, मांस इथेच मिळत असे, त्यामुळे ती येत राहिली आणि फुटत राहिली. १८५८ च्या हिवाळ्यात तीसेक जहाजांचं नुकसान झालं. लंडनच्या लॉइड्सने हिवाळ्यात टेबल बेमध्ये नांगरलेल्या जहाजांचा विमा उतरवायला नकार दिला, तेव्हा कुठे ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने पैशाची पिशवी सैल केली.

१७ सप्टेंबर १८६० रोजी राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड याने लाटा अडवणाऱ्या बांधाचा, म्हणजे ब्रेकवॉटरचा, पहिला दगड समुद्रात लोटला. त्या वेळी तो सोळा वर्षांचा होता आणि नौदलात शिकाऊ अधिकारी म्हणून आला होता. ‘व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड’ या नावातला आल्फ्रेड तो हाच. पुष्कळ लोक अल्बर्ट म्हणतात; राणीच्या नवऱ्याचा या बंदराशी संबंध नाही.

पुढचं काम कैद्यांनी केलं. किनाऱ्यावरचा खडक फोडून जो खड्डा झाला तो आल्फ्रेड बेसिन, आणि त्यातून निघालेला दगड समुद्रात टाकून झाला ब्रेकवॉटर. एकाच खोदकामातून गोदीही मिळाली आणि तिचं रक्षण करणारी भिंतही. १८७० मध्ये बेसिन सुरू झालं. मग जहाजं मोठी होत गेली, बाहेरच्या अंगाला व्हिक्टोरिया बेसिन बांधलं गेलं, आणि १९३० च्या दशकापासून पूर्वेला भराव टाकून त्याहून मोठी डंकन गोदी झाली. मोठी जहाजं तिकडे वळली. कंटेनरचं युग आलं तेव्हा जुन्या दोन गोद्यांकडे मासेमारीच्या नौका आणि छोटी दुरुस्ती एवढंच उरलं.

१९८८ मध्ये पुनर्विकासासाठी कंपनी स्थापन झाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लोक इथे फिरायला येऊ लागले. त्याआधी बंदर आणि शहर यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ, रस्ते आणि कुंपणं होती. शहर समुद्राकाठी असून समुद्र शहरवासीयांचा नव्हता. आज सुमारे १२३ हेक्टरचा हा परिसर आहे, आत यायला तिकीट नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे इथलं बंदराचं काम थांबवलेलं नाही. मासेमारीच्या नौका येतात, सुक्या गोदीत जहाजं चढतात, ओढनौका फिरतात. जगात कित्येक जुन्या गोद्या नुसत्या शोभेच्या तलावासारख्या उरल्या आहेत. इथे रंगाचा, डिझेलचा आणि माशांचा वास अजून येतो.

निघण्यापूर्वीची तयारी

ऋतू आपल्या उलट आहेत. आपल्या दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ तिथला कोरडा उन्हाळा, मे ते ऑगस्ट पावसाळी हिवाळा. डिसेंबरात सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पावणेसहालाच. उन्हाळ्याचा त्रास उन्हापेक्षा वाऱ्याचा जास्त: आग्नेयेकडून येणारा ‘साउथईस्टर’ जोरात सुटतो आणि बहुधा दुपारनंतर वाढतो. हवा स्वच्छ करतो म्हणून त्याला ‘केप डॉक्टर’ असंही म्हणतात. टोपी डोक्यावर राहणार नाही, तेव्हा दोरीची घ्या. वारा अडवणारं पातळ जाकीट भर उन्हाळ्यातही हवंच.

बूट चांगल्या पकडीचे हवेत. जुन्या धक्क्यांवर दगड गुळगुळीत झालेत, दोरखंड बांधायचे लोखंडी खुंट मध्येच येतात, आणि धक्क्याच्या कडेला सगळीकडे कठडा नाही. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. हे काम चालू असलेलं बंदर आहे.

नेल्सन मंडेलांना जिथे कैदेत ठेवलं होतं त्या रॉबेन आयलंड बेटाचं तिकीट मात्र घरून निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढा. सुट्ट्यांच्या दिवसांत ती आधीच संपतात. तारीख निवडताना केप टाउनमधल्या मुक्कामाची पहिली किंवा दुसरी सकाळ घ्या, शेवटचा दिवस कधीच नको. वारा वाढला की बोट रद्द होते, आणि मुक्काम शिल्लक असेल तरच दुसरी तारीख मागता येते. पहिली फेरी पकडली तर समुद्र बहुधा शांत मिळतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वीच घ्या.

पैसे रँडमध्ये. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण वाढप्याला दहा टक्के किंवा थोडं जास्त टिप देण्याची तिथली रीत आहे. शहरातून मायसिटी बस वॉटरफ्रंटला येते. तिच्यात रोख चालत नाही, ‘मायकनेक्ट’ कार्ड घ्यावं लागतं. ॲपवरच्या टॅक्सी सहज मिळतात. चार्जरसाठी एक सोय सांगते: तिथला जुना तीन गोल पिनांचा मोठा प्लग आपल्या गिझरच्या किंवा एसीच्या प्लगसारखाच असतो, त्यामुळे घरातला तसा अडॅप्टर बरोबर ठेवला तर बहुतेक ठिकाणी काम भागतं.

पहिली सकाळ: रॉबेन आयलंड

टॅक्सीवाल्याला मॉलचं नाव सांगू नका, ‘क्लॉक टॉवर’ सांगा. नेल्सन मंडेला गेटवे ही बोटीची इमारत तिथेच आहे. अर्धा तास आधी पोहोचा. जवळच ‘जेट्टी १’ नावाची छोटी जुनी इमारत आहे. कैद्यांना बेटावर नेण्यापूर्वी आणि भेटीला आलेल्या नातेवाइकांना बोटीत बसवण्यापूर्वी इथेच थांबवत. बहुतेक लोक बोटीच्या रांगेच्या घाईत तिच्यावरून नजर फिरवून जातात. पाच मिनिटं तिथे द्या. बेटाची भेट खरी तिथून सुरू होते.

जाऊन-येऊन सगळी सहल साडेतीन-चार तासांची. बोट बेसिनमधून बाहेर पडते तेव्हा ब्रेकवॉटर जवळून दिसतो. कैद्यांनी फोडलेला दगड तो हाच, आणि आपण दुसऱ्या काळातल्या कैद्यांच्या बेटाकडे चाललेलो असतो. बांधाच्या आत पाणी सपाट असतं, बाहेर पडल्याबरोबर बोट डुलायला लागते. या बंदराची गरज काय होती, हे त्या एका धक्क्यात शरीराला कळतं.

बेटावर बसने फिरवतात: चुनखडीची खाण, वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते रॉबर्ट सोबुक्वे यांना सगळ्यांपासून तोडून ठेवलं होतं ते घर, जुनी गावठाण. खाणीत कैदी वर्षानुवर्षं पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हात राबले आणि त्यांचे डोळे खराब झाले. खाणीच्या तोंडाशी दगडांचा एक ढीग दिसेल. १९९५ मध्ये सुटलेले राजबंदी इथे पुन्हा जमले, तेव्हा एकेकाने एकेक दगड ठेवून तो रचला. त्याला हात लावू नका.

तुरुंगाचा भाग माजी राजबंदी दाखवतात. प्रश्न विचारा, ते उत्तर देतात, आणि माहितीफलकात नसलेलं सांगतात. मंडेलांच्या २७ वर्षांच्या कैदेतली १८ वर्षं इथे गेली. त्यांच्या कोठडीसमोर रांग लागते आणि जेमतेम एक फोटो काढायची सवड मिळते. मला विचाराल तर त्याहून जास्त वेळ जेवणाच्या तक्त्यासमोर थांबा. त्यात वंशानुसार शिधा लिहिला आहे: भारतीय वंशाच्या आणि मिश्रवंशीय कैद्यांना वेगळा, आफ्रिकन कैद्यांना त्याहून कमी. सुरतजवळच्या गावातून दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या कुटुंबातले अहमद कथ्राडा, मंडेला आणि त्यांच्या साथीदारांवर घातपाताच्या आरोपाखाली चाललेल्या रिव्होनिया खटल्यानंतर, मंडेलांबरोबरच इथे आले आणि तेही १८ वर्षं इथे होते. वयाने सगळ्यांत लहान असूनही भारतीय म्हणून त्यांना लांब विजार मिळाली, आणि मंडेलांना आखूड चड्डी. एकाच गुन्ह्यासाठी एकाच तुरुंगात आलेल्या माणसांमध्ये असा भेद करणारी ती राजवट होती. तो तक्ता वाचल्यावर वर्णभेद ही दूरची गोष्ट राहत नाही.

परतताना बोटीच्या वरच्या भागात जागा मिळवा. टेबल माउंटन, डावीकडे डेव्हिल्स पीक, उजवीकडे लायन्स हेड, असं सगळं एका नजरेत येतं. जहाजाने केपला येणाऱ्या माणसाला हे शहर असंच प्रथम दिसत आलंय.

दुपार: क्लॉक टॉवर आणि धान्याची कोठारं

बोटीतून उतरल्यावर लांब जायचं नाही. लाल अष्टकोनी क्लॉक टॉवर १८८२ चा, बंदर-कप्तानाची पहिली कचेरी. तळमजल्यावर भरती-ओहोटी मोजायचं यंत्र, मधल्या मजल्यावर आरशांची खोली, वर घड्याळाची यंत्रणा. आरशांच्या खोलीतून कप्तानाला जागेवरून न उठता गोदीत कुठे काय चाललंय ते दिसत असे. आत जायला मिळो न मिळो, बाहेर उभं राहून चारही दिशा पाहा: कप्तानाची खोली नेमकी इथेच का, ते लगेच समजतं. दोन बेसिनांना जोडणारी अरुंद वाट, जिला ‘द कट’ म्हणतात, ती या खिडक्यांच्या अगदी खाली आहे. तिच्यातून येणारं-जाणारं प्रत्येक जहाज त्याच्या नजरेखालून जाई.

याच भागात, एका आधुनिक इमारतीच्या तळाशी, शॅव्हॉन बॅटरीचे अवशेष आहेत. डच कंपनीने १७१४ मध्ये या तोफखान्याचं काम सुरू केलं. समुद्र तेव्हा त्याच्या भिंतीला लागत होता. आज समुद्र कुठे आणि भिंत कुठे हे पाहिलं की भरावाचा अंदाज येतो.

तिथून दक्षिणेला पाच-सात मिनिटांवर धान्याची कोठारं. १९२० च्या दशकात आतल्या प्रांतांतला मका आणि गहू रेल्वेने इथे येऊन जहाजात भरला जाई. ५७ मीटर उंचीची ही काँक्रीटची इमारत काम बंद झाल्यावर वर्षानुवर्षं रिकामी होती. थॉमस हेदरविक या वास्तुरचनाकाराने तिच्यातल्या ४२ उभ्या नळकांड्या पाडल्या नाहीत. मधोमध मक्याच्या दाण्याच्या आकाराची पोकळी कापून काढली. २०१७ मध्ये तिथे झाइट्झ मोका हे समकालीन आफ्रिकी कलेचं संग्रहालय सुरू झालं. आत शिरल्यावर मान वर करून पाहा: कापलेल्या नळकांड्यांच्या कडा दिसतात, आणि काँक्रीट किती पातळ आहे याचं आश्चर्य वाटतं. कलेत रस नसला तरी इमारतीसाठी आत जा. आठवड्यातले बंद दिवस बदलतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा.

दुसरी सकाळ: पूल, सुकी गोदी, नोबेल चौक

क्लॉक टॉवरकडूनच पुन्हा सुरुवात करा आणि फिरता पूल ओलांडा. हा पादचारी पूल बोट आली की बाजूला वळतो. घंटा वाजली तर धावत सुटू नका, थांबा. कुठलं शिडाचं जहाज किंवा कुठली मासेमारीची नौका आत येते ते पाहण्याची यापेक्षा चांगली जागा नाही. खालच्या तरंगत्या फळ्यांवर केप फर सील पहुडलेले असतात. ते पाळीव वाटतात पण नाहीत. खायला घालू नका, जवळ जाऊ नका, चावतात.

पलीकडे पिअरहेड. १९०४ ची बंदर-कप्तानाची नंतरची कचेरी, डच धर्तीच्या वळणदार कमानभिंतींची, इथेच आहे. तिच्यापुढे आल्फ्रेड बेसिनच्या कडेने चालत राहिलं की रॉबिन्सन सुकी गोदी येते. सगळ्या वॉटरफ्रंटमधली माझी सर्वांत आवडती जागा ही.

१८८२ मध्ये पूर्ण झालेली ही गोदी म्हणजे दगडी पायऱ्यांचा लांबट, खोल हौद. भरतीला जहाज आत आणतात, तोंडाशी दार बसवतात, पंपाने पाणी उपसतात. पाणी उतरत जातं तसं जहाज खाली मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद बसतं, आणि एरवी कुणाला न दिसणारं त्याचं पोट, सुकाणू, पंखा सगळं उघडं पडतं. कामगार शिंपले खरवडतात, पत्रा बदलतात, रंग देतात. काम संपलं की पाणी सोडायचं, जहाज पुन्हा तरंगतं. जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही पद्धत तीच, गोदी तीच. जहाज असेल तर अर्धा तास ठेवा. नसेल तर बाजूच्या दगडी पायऱ्या पाहा: जहाजाला आधार देणारे लाकडी वासे त्यांवर टेकवत आणि कामगार त्यांवरूनच चढ-उतार करत.

गोदीजवळच नोबेल चौक आहे. शांततेचं नोबेल मिळालेले चार दक्षिण आफ्रिकी इथे शेजारी शेजारी उभे आहेत: आल्बर्ट लुथुली, डेस्मंड टुटू, एफ. डब्ल्यू. डी क्लर्क आणि नेल्सन मंडेला. २००५ मध्ये हे पुतळे बसले. शिल्पकार क्लोडेट श्रूडर्स यांनी ते ठेंगणे, जवळ जाता येईल असे केलेत, आणि मला ते फार योग्य वाटतं. लोक मंडेलांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात. टोकाला उभ्या लुथुलींपाशीही थांबा. शांततेचं नोबेल मिळालेले ते पहिले आफ्रिकी, १९६० चं.

भूक लागली असेल तर शेजारी जुन्या वीजघरात खाद्यबाजार भरतो. शाकाहारी माणसालाही पोटभर मिळतं. मासे खाणाऱ्याने हेक किंवा स्नूक घ्यावा. हस्तकलेच्या वस्तू घ्यायच्या असतील तर ‘वॉटरशेड’मध्ये घ्या, मॉलमध्ये नको. जुन्या बंदराच्या शेडमध्ये बसणारे हे बहुतेक छोटे कारागीर आहेत आणि वस्तू कुणी केली ते समोरासमोर विचारता येतं. पलीकडचं टू ओशन्स ॲक्वेरियम १९९५ चं. मुलं असतील तर नक्की, आणि मोठ्यांनी निदान केल्पच्या जंगलाच्या टाकीसाठी जावं. थंड बेंग्वेला प्रवाहामुळे इथल्या समुद्रात ही मोठी समुद्री वनस्पती माजते, आणि बोटीतून ती फक्त तपकिरी पट्ट्यांसारखी दिसते.

बाराच्या आधी थोडं मोकळं राहा. सिग्नल हिलवरून रोज दुपारी बरोबर बारा वाजता तोफ उडते, रविवार आणि सरकारी सुट्टी सोडून. नांगरलेल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून ती प्रथा पडली. जुने खलाशी आवाजावर घड्याळ लावत नसत, धूर पाहून लावत. आवाजाला पोहोचायला काही सेकंद लागतात, आणि भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम कुठे आहे ते घड्याळावरूनच काढत, त्यामुळे चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्ताजवळ एका सागरी मैलाची चूक.

दुपार: टेकाडावर

डॉक रोड ओलांडून पोर्ट्सवूड रिजवर चढा. चढ छोटा आहे आणि इथे गर्दी जवळजवळ नसते. १८९४ चा टाइम बॉल टॉवर तोफेचाच भाऊबंद: ठरल्या क्षणी खांबावरून गोळा खाली पडे आणि जहाजांवरचे क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळं, त्यावर जुळवले जात.

त्याच्या आसपास, आज केप टाउन विद्यापीठाची व्यवस्थापनशाळा आणि हॉटेल असलेल्या भागात, ब्रेकवॉटरच्या कैद्यांचा तुरुंग होता. बांधावर राबायला देशाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातून धरून आणलेल्यांत झाम भाषा बोलणारे सान, म्हणजे शिकारीवर जगणारे तिथले मूळ रहिवासी, होते. गुन्हा बहुतेकदा मेंढ्या-गुरं चोरल्याचा. त्यांच्या शिकारीच्या जमिनी शेतकऱ्यांनी बळकावल्यानंतरचा. १८७० मध्ये भाषातज्ज्ञ विल्हेल्म ब्लीक यांना त्यांच्याबद्दल कळलं. त्यांनी काही कैद्यांना परवानगी काढून आपल्या घरी राहायला आणलं आणि मेहुणी लूसी लॉइड यांच्यासह त्यांच्या कथा, आठवणी, शब्द हजारो पानांत उतरवून घेतले. ती भाषा आता कुणी बोलत नाही. पण २००० साली दक्षिण आफ्रिकेच्या राजचिन्हावर जे नवं ब्रीदवाक्य आलं ते त्याच भाषेतलं आहे, आणि ते करता आलं ते या नोंदींमुळे. इथे मोठा फलक नाही, फोटोसारखं काही नाही. तरी या बंदराचे दगड कुणी फोडले हे ज्याला माहीत आहे त्याने इथे यावंच.

एकच दिवस असेल तर

बेटाची पहिली फेरी घ्या, परत आल्यावर क्लॉक टॉवर, फिरता पूल, सुकी गोदी आणि नोबेल चौक एवढंच. ॲक्वेरियम, ४० मीटरचा आकाशपाळणा आणि मॉल सोडा. कोठारांचं संग्रहालय आतून पाहायला वेळ नसेल तर निदान बाहेरून त्याच्या फुगीर काचा पाहा. बेटाची बोट रद्द झाली तर त्या वेळात अर्ध्या-पाऊण तासाची बंदरफेरी मिळते का पाहा. बांधाबाहेर नाही गेली तरी गोदी पाण्याच्या बाजूने दिसते.

संध्याकाळी चालायचं असेल तर

वॉटरफ्रंटहून पश्चिमेला किनाऱ्याने मूयी पॉइंटकडे चालत जाता येतं. अर्ध्या-पाऊण तासात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ग्रीन पॉइंट दीपस्तंभ लागतो. १८२४ पासूनचा हा दीपस्तंभ दक्षिण आफ्रिकेतला चालू असलेला सर्वांत जुना. बंदर बांधण्याच्या कितीतरी आधी जहाजांना खडक दाखवायचं काम तो करत होता. या वाटेवर दिवसा आणि मावळतीला लोकांची वर्दळ असते, अंधारात मात्र एकट्याने चालू नका. साउथईस्टर सुटला असेल तर जाताना तो पाठीशी राहतो आणि येताना तोंडावर, म्हणून जाणं पायी ठेवा आणि परतायला बस किंवा टॅक्सी घ्या.